आधी दार कोण उघडणार? कोरोनानंतर थीम पार्क्समध्ये लागलेल्या शर्यतीची गोष्ट

११ जुलै २०२०, शनिवार. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड जवळपास चार महिन्यांनी पुन्हा उघडलं. मास्क लावलेले कर्मचारी दारात उभे राहून हात हलवत होते, लोक सहा-सहा फुटांवर रांगेत उभे होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, फ्लोरिडाने एका दिवसात १५,२९९ नवे रुग्ण जाहीर केले. तोपर्यंत अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने एका दिवसात एवढा आकडा पाहिला नव्हता.

सोमवारी हाँगकाँगमध्ये ५२ नवे रुग्ण सापडले. त्यावर तिथल्या सरकारने पुन्हा निर्बंध लावले आणि जेमतेम महिन्याभरापूर्वी उघडलेलं हाँगकाँग डिस्नेलँड १५ जुलैपासून परत बंद झालं.

म्हणजे कंपनी तीच, मिकी माउस तोच. एका ठिकाणी पंधरा हजार रुग्ण असताना दार उघडं आणि दुसऱ्या ठिकाणी बावन्न रुग्णांवर कुलूप. हे कसं काय? थीम पार्क उघडायचं की नाही हे नक्की कोण ठरवत होतं? आणि उघडण्याची एवढी घाई कुणाला होती?

आधी ऑर्लँडो समजून घेऊ

ही शर्यत सगळ्यात जोरात लागली ती फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये. कारण थीम पार्कवर इतकं अवलंबून असलेलं दुसरं मोठं शहर सापडणं अवघड आहे. १९७१ साली इथे डिस्ने वर्ल्ड सुरू झालं. आज ते सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पसरलंय. त्यात चार मोठी थीम पार्क्स आहेत (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम), शिवाय वॉटर पार्क्स आणि डझनांनी हॉटेल्स. महामारीच्या आधी इथे ७५ हजारांहून जास्त लोक कामाला होते. एकाच ठिकाणी एवढी माणसं कामाला ठेवणारी दुसरी जागा अमेरिकेत नव्हती.

त्याच्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत युनिव्हर्सल ऑर्लँडो आहे. हॅरी पॉटरचं गाव, जुरासिक पार्क वगैरे असलेलं. त्याची मालक कॉमकास्ट ही कंपनी. शेजारी सीवर्ल्ड. थोडं पुढे गेलं की लेगोलँड. २०१९ मध्ये ऑर्लँडोला साडेसात कोटींहून जास्त पर्यटक येऊन गेले होते.

१५ मार्च २०२० च्या रात्री डिस्ने आणि युनिव्हर्सलने गेट बंद केले. डिस्ने वर्ल्ड याआधी बंद राहिलं होतं ते चक्रीवादळात किंवा ९/११ च्या हल्ल्याच्या दिवशी, तेही एखाद-दोन दिवस. सुरुवातीला सांगितलं गेलं की मार्चअखेरपर्यंतच बंद राहील. (आपल्याकडेही पहिलं लॉकडाऊन २१ दिवसांचंच होतं, आठवतंय ना?)

पगार थांबले, वेबसाइट बसली

या गोष्टीत मिकीपेक्षा महत्त्वाची माणसं म्हणजे त्याच्या आजूबाजूला काम करणारी. राइड चालवणारे, खोल्या आवरणारे, बर्गर भाजणारे, परेडमध्ये नाचणारे.

डिस्नेने पाच आठवडे पगार दिला आणि १९ एप्रिलपासून ऑर्लँडोतल्या सुमारे ४३ हजार युनियन कर्मचाऱ्यांना फर्लोवर पाठवलं. फर्लो म्हणजे नोकरी जात नाही, पण कामही नाही आणि पगारही नाही. आरोग्य विमा मात्र कंपनीने चालू ठेवला. अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो, त्यामुळे महामारीत ही बाब छोटी नव्हती.

मग खर्च भागवायचा कसा? सरकारी बेरोजगार भत्त्यावर. इथे फ्लोरिडाची दुखरी नस आहे. या राज्यात भत्ता जास्तीत जास्त आठवड्याला २७५ डॉलर आणि तोही फक्त १२ आठवडे. अमेरिकेतल्या सगळ्यात कंजूष राज्यांपैकी हे एक. केंद्र सरकार त्यावर आठवड्याला ६०० डॉलर देत होतं, पण जुलैअखेरपर्यंतच. त्यात अर्ज भरायची राज्याची वेबसाइट पहिल्याच धक्क्यात बसली. लोक तासन् तास फोन धरून बसले, कित्येक ठिकाणी कागदी अर्जांसाठी रांगा लागल्या. डिस्नेच्या शेजारच्या ऑसिओला काउंटीत मे महिन्यात बेरोजगारीचा दर ३१ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.

सरकारचीही पंचाईत होतीच. फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकर नाही. राज्य चालतं ते मुख्यतः विक्री करावर, आणि त्यातला मोठा वाटा पर्यटकांच्या खिशातून येतो. ऑर्लँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथे हॉटेलच्या खोलीवर ६ टक्के कर लागतो. एप्रिल २०२० मध्ये या कराची वसुली आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

म्हणजे कंपनी, सरकार आणि कामगार, तिघांनाही दार उघडायला हवं होतं. पण कामगाराला एक जास्तीची भीती होती. दार उघडल्यावर रोज हजारो अनोळखी लोकांसमोर उभं त्यालाच राहायचं होतं.

परवानगीची पद्धत काय होती?

फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस निर्बंध लवकर उठवण्याच्या बाजूचे. राज्याने मे महिन्याच्या मध्याला थीम पार्क्सना सांगितलं की तुमचा आराखडा द्या, उघडण्याची तारीख तुम्हीच सुचवा आणि सोबत स्थानिक प्रशासनाचं संमतीपत्र जोडा. बाकी राज्य बघेल.

इथेच शर्यतीची शिट्टी वाजली. तारीख सरकार देत नव्हतं, कंपनीने मागायची होती. मग आधी कोण मागणार?

युनिव्हर्सलने बाजी मारली. १४ मे रोजीच त्यांनी पार्कबाहेरचा सिटीवॉक हा दुकानं-रेस्टॉरंटचा भाग थोडा थोडा उघडला होता. एका अर्थी ती रंगीत तालीमच. तापमान कसं तपासायचं, लोक मास्क लावतात का, रांग कशी लावायची हे तिथे बघून घेतलं. २१ मे रोजी ते ऑरेंज काउंटीच्या समितीसमोर आराखडा घेऊन गेले आणि तारीख मागितली ५ जून. समितीने लगेच होकार दिला.

आठवड्याभराने, २७ मे रोजी, सीवर्ल्ड आणि डिस्ने त्याच समितीसमोर आले. सीवर्ल्डने ११ जून मागितली. डिस्नेने ११ आणि १५ जुलै. म्हणजे सगळ्यात मोठा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पाच आठवडे मागे.

तोवर छोट्यांनी उरकूनही घेतलं होतं. मगरी-सुसरींसाठी प्रसिद्ध असलेलं गेटरलँड मे महिन्यातच उघडलं. तिथे अंतर राखा हे सांगायला ‘स्कंक एप’ या स्थानिक दंतकथेतल्या केसाळ प्राण्याचा पोशाख घातलेला माणूस फिरत होता. लेगोलँड १ जूनला सुरू झालं.

डिस्ने मागे का राहिलं?

एक कारण सरळ आहे, आकार. युनिव्हर्सलची तेव्हाची दोन पार्क्स आणि एक वॉटर पार्क एकमेकांना लागून होती. डिस्नेला चार पार्क्स, हॉटेलं, बस, बोटी असा अख्खा संसार सुरू करायचा होता. हजारो लोकांना परत बोलवायचं आणि प्रत्येक युनियनशी सुरक्षेच्या अटींवर बोलणी करायची. यातली कलाकारांची संघटना ‘ॲक्टर्स इक्विटी’ अडून बसली. तिचं म्हणणं असं, की मास्क लावून गाता-नाचता येत नाही, मग आमच्या लोकांची नियमित कोरोना चाचणी करा. कंपनी तयार नव्हती. पार्क उघडलं तेव्हा हे कलाकार कामावर नव्हते, आणि तडजोड झाली ती ऑगस्टमध्ये.

दुसरं कारण, डिस्नेकडे शांघायचा अनुभव होता आणि त्यातून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. शांघाय डिस्नेलँड २५ जानेवारीलाच बंद झालं होतं आणि ११ मे रोजी उघडलं. महामारीत उघडलेलं डिस्नेचं ते पहिलं पार्क. रोज ८० हजार लोक मावतील एवढ्या जागेत सरकारने २४ हजारांची मर्यादा घातली आणि डिस्नेने त्याहूनही कमी तिकिटं विकली. ती काही मिनिटांत संपली. आत जायला मोबाइलवर हिरवा हेल्थ कोड दाखवावा लागायचा.

फ्लोरिडात हेल्थ कोड आणणं शक्यच नव्हतं. तिथे साधा मास्क लावायचा की नाही यावरून राजकारण पेटलं होतं. त्यामुळे डिस्नेने आगाऊ नोंदणीची व्यवस्था आणली. तिकीट हातात असलं तरी कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात जाणार ते आधी नोंदवायचं. जागा भरल्या की गेट बंद. फटाके नाहीत, परेड नाही, मिकीला मिठी नाही. परेड पाहायला गर्दी एका जागी साचते, म्हणून चार-पाच पात्रं न सांगता अचानक एखाद्या गाडीवरून हात हलवत निघून जायची. हे लोकांना इतकं आवडलं की कित्येकांनी ‘जुन्या परेडपेक्षा हेच बरं’ असं लिहिलं.

दोन्ही कंपन्यांनी एक गोष्ट मात्र सारखीच केली. गेटवर आणि वेबसाइटवर सूचना लावली. सार्वजनिक ठिकाणी संसर्गाचा धोका असतोच, आत येताय म्हणजे तो तुम्ही स्वतःहून स्वीकारताय, असा तिचा अर्थ. वकिलांनी आपलं काम चोख केलं होतं!

रिकामं पार्क चालवून पैसे मिळतात?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे. डिस्नेचे प्रमुख बॉब चापेक यांनी नंतर सांगितलं की सुरुवातीला ते क्षमतेच्या २५ टक्केच लोक घेत होते आणि पुढे ती मर्यादा ३५ टक्क्यांवर नेली. एवढ्यात भागतं कसं?

उत्तर आपल्या एसटीत सापडतं. ऑगस्ट २०२० मध्ये आंतरजिल्हा एसटी सुरू झाली तेव्हा गाडीत निम्मेच प्रवासी घ्यायची परवानगी होती. अशा फेरीतून एसटीच्या डोक्यावरचं सगळं कर्ज काही फिटत नाही. पण गाडी आगारात उभी असली तरी काही खर्च चालूच असतात. मग फेरीतून डिझेल आणि भत्ता सुटून चार पैसे वर राहणार असतील, तर गाडी उभी ठेवण्यापेक्षा सोडलेली बरी.

थीम पार्कचंही हेच गणित आहे. जमीन, कर्जाचं व्याज, विमा, राइडची देखभाल हे खर्च पार्क बंद असलं तरी चुकत नाहीत. रोलर कोस्टर महिनोन् महिने नुसता उभा ठेवता येत नाही, तो अधूनमधून रिकामा फिरवावा लागतो. त्यामुळे ‘नफा होतो का’ हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, ‘उघडल्यामुळे जो जास्तीचा खर्च होईल तेवढे तरी येतात का?’ डिस्नेने गुंतवणूकदारांना सांगितलेला निकष हाच होता.

आणि बंद ठेवण्याची किंमत तर डोळ्यांपुढे होती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत डिस्नेच्या पार्क विभागाचं उत्पन्न ८५ टक्क्यांनी घसरलं आणि सुमारे २ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच तिमाहीत कॉमकास्टच्या थीम पार्क्सचं उत्पन्न ९४ टक्क्यांनी आपटून अवघ्या ८ कोटी ७० लाख डॉलरवर आलं. युनिव्हर्सलला ५ जूनची घाई का होती, ते या आकड्यातून कळतं.

पण आधी उघडल्याने पैसे धो धो आले का? नाही. पुढच्या तिमाहीतही कॉमकास्टच्या पार्क्सचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा ८० टक्क्यांनी कमीच राहिलं आणि त्या विभागाचा तोटा सुरूच होता. डिस्नेनेही ऑगस्टमध्ये कबूल केलं की रुग्णवाढीमुळे अपेक्षेपेक्षा कमी लोक येतायत. सप्टेंबरपासून पार्कच्या वेळा कमी केल्या. दार उघडलं तरी विमानात बसायला लोक तयार नव्हते. राजकारण्यांच्या परवानगीने पार्क उघडतं, पण घरच्या आजीला घेऊन जायचं की नाही हे घरातच ठरतं.

२९ सप्टेंबरला डिस्नेने अमेरिकेतल्या पार्क विभागातून २८ हजार लोकांना काढणार असल्याचं जाहीर केलं. त्यातले सुमारे ६७ टक्के अर्धवेळ कामगार होते. पार्क उघडलं म्हणजे नोकरी परत मिळणार, या आशेवर सहा महिने काढलेल्या कित्येकांसाठी विषय तिथेच संपला.

‘मनातल्या मनात ओरडा’

थोडं जपानला जाऊन येऊ, कारण या सगळ्या प्रकारातला सोशल मीडियावर सर्वाधिक गाजलेला किस्सा तिथलाच.

जपानमधल्या थीम पार्क्सच्या संघटनांनी मे २०२० मध्ये नियमावली काढली. ओरडल्याने तोंडातून थेंब उडतात, म्हणून राइडवर ओरडणं टाळावं असं त्यात होतं. आता रोलर कोस्टरवर बसून गप्प कसं राहायचं? फुजी पर्वताजवळच्या फुजी-क्यू हायलँड या पार्कने याचं उत्तर व्हिडिओतून दिलं. सूट आणि मास्क घातलेले दोन वरिष्ठ अधिकारी ‘फुजियामा’ या अवाढव्य रोलर कोस्टरवर बसले आणि सगळी फेरी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता पूर्ण केली. शेवटी पडद्यावर ओळ आली, ‘मनातल्या मनात ओरडा.’

२०२० या वर्षाचं याहून नेमकं वर्णन कुणालाच सुचलं नव्हतं. व्हिडिओ जगभर फिरला.

त्याच सुमाराला डिस्ने वर्ल्डचा स्वागताचा व्हिडिओही व्हायरल झाला, पण वेगळ्या कारणाने. मास्क लावलेले कर्मचारी ‘वेलकम होम’ म्हणतायत असा तो होता. लोकांनी त्यामागे भयपटाचं संगीत लावून तो फिरवला. पुढे डिसेंबरमध्ये आणखी एक प्रकार उघड झाला. राइडवर मास्क काढून बसलेल्या लोकांच्या फोटोत डिस्ने कॉम्प्युटरने मास्क चिकटवत होतं. बोंब झाल्यावर ते थांबवलं.

कॅलिफोर्नियात मात्र ४१२ दिवस

आता याच कंपनीची दुसरी बाजू. मूळ डिस्नेलँड आहे कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात. ते १४ मार्च २०२० ला बंद झालं. १७ जुलैला, म्हणजे पार्कच्या ६५ व्या वाढदिवशी ते उघडायचं असं कंपनीने जूनमध्ये जाहीरही करून टाकलं. पण कॅलिफोर्नियात तारीख कंपनीने मागायची पद्धत नव्हती. नियम राज्य काढणार आणि राज्य नियमच काढेना. युनियननीही सुरक्षेवरून विरोध केला. २४ जूनला डिस्नेने तारीख मागे घेतली.

नियम आले ते २० ऑक्टोबरला आणि पार्कवाल्यांनी डोक्याला हात लावला. राज्याने काउंट्यांना रंग दिले होते. मोठी पार्क्स फक्त पिवळ्या रंगात, म्हणजे लाख लोकांमागे रोज एकापेक्षा कमी नवा रुग्ण असेल तेव्हाच उघडता येणार होती, तीही २५ टक्के क्षमतेने. लॉस एंजेलिससारख्या भागात हा आकडा गाठणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. डिस्नेचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर त्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या सल्लागार गटातून बाहेर पडले होते.

मग राइड नाहीत तर नाहीत, खाऊ विकू, असं पार्क्सनी केलं. नॉट्स बेरी फार्मने राइड बंद ठेवून खाद्यजत्रा भरवल्या. डिस्नेने एका पार्कातला पहिला रस्ताच दुकानं आणि रेस्टॉरंटसाठी खुला केला, आणि मार्च २०२१ मध्ये तर ७५ डॉलरचं तिकीट लावून खाण्यापिण्याचा कार्यक्रम केला. लोक आत जाऊन बंद राइडसमोर उभे राहून चुरोज खात होते आणि तिकिटं तरीही संपली होती.

दरम्यान जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेलँडचं एक वाहनतळ लसीकरण केंद्र झालं. ज्या फाटकासमोर लोक दहा महिने ‘कधी उघडणार’ विचारत होते, तिथे आधी लस आली. मार्चमध्ये राज्याने नियम सैल केले, १ एप्रिलपासून पार्क्सना परवानगी दिली. सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन सगळ्यात आधी उघडलं, १६ एप्रिलला युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूड आणि ३० एप्रिल २०२१ ला डिस्नेलँड. बंद राहिलेले दिवस मोजले तर ४१२ होतात. सुरुवातीला फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांनाच प्रवेश होता. आणि हो, इथेही ओरडण्यावर चर्चा झाली. कॅलिफोर्नियातल्या पार्क संघटनेने स्वतःच्या नियमावलीत ओरडणं कमी करण्याचे उपाय लिहिले होते.

थीम पार्क उद्योगाच्या वार्षिक अंदाजात या दोन राज्यांचा फरक स्वच्छ दिसतो. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमला २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले होते, २०२० मध्ये सुमारे ६९ लाख. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १ कोटी ८६ लाखांवरून ३६ लाखांवर आलं, आणि तेही पहिल्या अडीच महिन्यांचे.

मग कोरोना पसरला का?

फ्लोरिडातल्या पार्क्समुळे मोठा उद्रेक झाल्याचं आरोग्य अधिकाऱ्यांना आढळलं नाही. शरद ऋतूपर्यंत हे बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं आणि उघडण्याच्या विरोधात असलेल्या काही लोकांनीही मत बदललं. मास्कची सक्ती, कमी गर्दी आणि मोकळी हवा या तीन गोष्टींचं मिश्रण चाललं असं दिसतं.

पण इथे थोडं थांबायला हवं. थीम पार्कचा पर्यटक तीन-चार दिवसांत आपल्या गावी परत जातो. लक्षणं दिसतात तेव्हा तो ओहायोत किंवा टेक्सासमध्ये असतो. त्याला संसर्ग राइडच्या रांगेत झाला, विमानात झाला की हॉटेलच्या नाश्त्याला, हे शोधण्याएवढी यंत्रणा तेव्हा अमेरिकेत नव्हती. ‘उद्रेक सापडला नाही’ आणि ‘कुणालाच लागण झाली नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या मते पार्कच्या फाटकाच्या आतलं नियोजन कंपन्यांनी खरंच चांगलं केलं. गोंधळ होता तो फाटकाबाहेर, जिथे नियम करणारं कुणी नव्हतं.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा तिथल्या सरकारचा आहे आणि त्या सरकारचं धोरण रुग्णसंख्या शून्याजवळ ठेवण्याचं होतं. त्या पार्कने पुढे सप्टेंबरमध्ये उघडून डिसेंबरमध्ये पुन्हा बंद केलं. फ्लोरिडाचं धोरण होतं, जोखीम लोकांनी आपापली बघावी. डिस्नेने दोन्हीकडे स्थानिक सरकारचा कल बघून पावलं टाकली, इतकंच.

आपल्याकडे काय झालं?

केंद्र सरकारने अनलॉक-५ मध्ये १५ ऑक्टोबर २०२० पासून कंटेनमेंट झोनबाहेरच्या मनोरंजन पार्क्सना परवानगी दिली. पण अंतिम निर्णय राज्यांचा. बंगळुरूतलं वंडरला नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेने सगळंच पुन्हा बंद पाडलं. राज्याने २२ ऑक्टोबर २०२१ पासून नाट्यगृहं आणि सिनेमागृहांसोबत मनोरंजन पार्क्सना मुभा दिली, तीही फक्त कोरड्या राइडसाठी. पाण्यातल्या खेळांना तेव्हा परवानगी नव्हती. आपल्याकडे लोक पार्कात जातात तेच मुळी एप्रिल-मेच्या उकाड्यात पाण्यात डुंबायला आणि शाळांच्या सहलींना. २०२० आणि २०२१ असे दोन्ही उन्हाळे गेले, सहलीही गेल्या.

खोपोलीजवळचं इमॅजिका आधीच कर्जाने वाकलेलं होतं. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतलं. इथे ‘आधी कोण उघडणार’ अशी शर्यतच नव्हती. तग कोण धरणार, एवढाच प्रश्न होता.

त्या वर्षाने मागे काय ठेवलं?

मास्क गेले, काचेचे पडदे गेले, सहा फुटांच्या खुणा पुसल्या. पैशांशी संबंधित गोष्टी मात्र टिकल्या. डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळण्यासाठी ‘फास्टपास’ नावाची मोफत सोय होती. महामारीत ती ‘तात्पुरती’ थांबवली आणि ती परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून त्याच सोयीसाठी दिवसाला माणशी १५ डॉलर लागायला लागले. गर्दी आवरायला आणलेली आगाऊ नोंदणी बहुतेक तिकिटांसाठी जानेवारी २०२४ पर्यंत चालू होती, कारण कोणत्या दिवशी किती लोक येणार हे आधी कळलं की माणसं किती लागतील हेही आधी ठरवता येतं. २०२२ च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या पार्क विभागाने २८ अब्ज डॉलरहून जास्त उत्पन्न कमावलं, २०१९ पेक्षाही जास्त.

आणि युनिव्हर्सल? पाच आठवडे आधी उघडूनही पैसे पुरत नव्हते. जुलै २०२० मध्ये त्यांनी ऑर्लँडोतल्या ‘एपिक युनिव्हर्स’ या नव्या अवाढव्य पार्कचं बांधकाम थांबवलं. मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि २२ मे २०२५ ला पार्क लोकांसाठी खुलं झालं. डिस्नेच्या दारापासून काही मैलांवर.